जीपची बॅटरी आणि गौराईचं जहाज

आमच्या घरात जहाज बांधलं जातंय, असं बाहेर कुणाला सांगितलं तर लोक आधी माझ्या तोंडाकडे आणि मग माझ्या डोक्याकडे बघत. चोपड्याच्या अलीकडचं आमचं गाव, चैत्र लागला की वीतभर सावलीसाठी कुत्री भांडतात अशी जागा, आणि तिथे जहाज! पण ते होतं खरं. आईच्या उंचीपेक्षा बोटभर जास्तच लांब, मोडक्या कूलरच्या पत्र्याचं, सांध्यांना आतून डांबर फासलेलं, आणि वरून पांढऱ्या-निळ्या ऑइलपेंटचं. ते माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, लग्नाआधी बांधायला घेतलं होतं. आमचे मामा मालवाहू बोटीवर नोकरीला होते. त्यांनी एका फेरीत सिंगापूरहून अक्कासाठी खेळण्यातला रेडिओ कंट्रोल आणला. एक डबा हातात धरायचा, लांबलचक एरियल ओढायची, आणि दुसरा डबा जिथे असेल तिथे दोन छोटे हात इकडून तिकडे हलायचे. बाकी काही नाही. मामांचं म्हणणं, या हातांना काय हलवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. अक्काने ठरवलं, जहाज. समुद्र तिने कधी पाहिला नव्हता, मामांनी दिलेल्या कॅलेंडरवरचं चित्र मात्र पाठ होतं.

आबांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, मोटार वायंडिंगचं दुकान घराच्याच ओट्यावर. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी येत, आबा त्या उघडत, काळीठिक्कर पडलेली तार उपसत आणि आम्ही बहिणी नवी तार गुंडाळून देत असू. गुंडाळायच्या चाकाची घरघर, अंगणातल्या लिंबाला टांगलेल्या झोक्याच्या कड्यांची करकर, आणि घराच्या धाब्यावर वाळत घातलेल्या बिबड्यांवरून, म्हणजे ज्वारीच्या पापडांवरून, कावळे हाकलणारा आईचा आवाज, हे आमच्या उन्हाळ्याचं संगीत. वॉर्निशचा वास तर आमच्या केसांनाही यायचा. अक्काला बघायला आलेल्या बायकांपैकी एकीने विचारलं होतं, पोरगी कोणतं तेल लावते म्हणून. आईने बेधडक सांगितलं, माक्याचं.

लग्न झालं आणि अक्का शिरपूरकडे गेली. केळीचे मोठे बागायतदार, घरात खाणारी तोंडं भरपूर, आणि सासूबाईंचा दरारा असा की त्यांच्या घरात मांजरसुद्धा विचारून म्यांव करत असावी. आमची अक्का आधी कशी होती ते सांगायला हवं. ती भांडायला लागली की समोरच्या आळीतल्या बायका भाजी निवडायची सोडून ऐकायला येत. लग्नानंतर पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती माहेरी आली, आणि मला वाटलं, हिला कुणी बदलून दिली की काय. विचारलं तर उत्तर, वाढलं तर खाणं, नाहीतर गप्प. सासरी तिला मारहाण नव्हती, उपास नव्हते. दाजी, म्हणजे तिचे यजमान, स्वभावाने गरीबच. फक्त त्या घरात तिला कुणी काही विचारत नव्हतं आणि तिनेही सांगायचं सोडून दिलं होतं. मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन रिकामी होते आणि मला तिचं ते गप्प बसणं सहन होत नव्हतं. मला माझी जुनी भांडखोर अक्का परत हवी होती.

म्हणून मी माळ्यावरून जहाज खाली काढलं. ते बघून ती पहिल्यांदा हसली आणि पदर खोचून बसली. चैत्रात आमच्याकडे गौराई बसवतात. महिनाभर तिचे लाड चालतात, कारण ती माहेरवाशीण, आणि आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ती सासरी निघते. गावातल्या मुली-बायका तिला तळ्यावर नेऊन पाण्यात सोडतात. पलीकडच्या काठावर पल्याडच्या वाडीच्या मुली त्यांची गौराई घेऊन येतात, आणि मग दोन्ही काठांवरून एकमेकींना जे काही ऐकवलं जातं ते एरवी कुठल्याही मुलीने उच्चारलं तर तिची आई तिला पायतणाने झोडेल. त्या दिवशी मात्र मुभा असते. आम्ही ठरवलं की या वर्षी आपली गौराई सासरी जहाजाने जाईल आणि वाडीच्या पोरींची तोंडं उघडी ती उघडीच राहतील.

जहाजाला ट्रकच्या केबिनमधल्या पंख्याची मोटार बसवलेली होती. रेडिओचा एक हात तिची कळ दाबायचा, दुसरा सुकाणू वळवायचा, आणि तिला बारा व्होल्ट लागत. ते आणायचे कुठून, हा सगळा घोळ. आधी टॉर्चचे मोठे सेल घेतले, आठ, एकापुढे एक जोडून. शेतावरच्या गुरांच्या हौदात जहाज सोडलं तर पंखा जोरात फिरला आणि म्हशीने एकदा मान हलवेपर्यंत मंदावला. सेल हात लावू नये इतके तापले होते. दुसरी भानगड अशी की रिकामं जहाज पाण्यावर परातीसारखं तरंगत होतं, जरा फुंकर मारली की कलंडायचं. अक्काने दगड टाकायला सुरुवात केली. एकेक दगड वजन करून पोटात ठेवायचा आणि बाजूच्या लाल पट्ट्यापर्यंत पाणी येतं का ते बघायचं. पाणी पट्ट्याला लागलं तेव्हा पोटात साधारण दोन भरलेल्या हंड्यांइतकं वजन झालं होतं.

ती दगडांकडे बघत बसली आणि म्हणाली, "एवढं वजन न्यायचंच आहे, तर दगड कशाला? बॅटरीच नेऊ." ती बोलली! मी आनंदाने हौदातलं पाणी तिच्या अंगावर उडवलं.

मग सुरू झाली वधूसंशोधनासारखी बॅटरीची शोधाशोध. दुकानात मोटारसायकलच्या दोन जुन्या बॅटऱ्या होत्या, सहा-सहा व्होल्टच्या. त्या जोडल्या तर बारा होतात खरे, पण एक म्हातारी झालेली, रात्रभर चार्ज केली तरी सकाळी ढिम्म. शेजारच्या नानांच्या ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणली. तिच्यात दम होता, पण ती पोटात ठेवताच जहाज लाल पट्टा ओलांडून थेट काठापर्यंत बुडालं आणि म्हशी पाणी प्यायला आल्या त्या जहाजालाच धडकल्या. नानांनी आपली बॅटरी पुसत नेली आणि जाताना आबांना म्हणाले, "तुन्या पोरी पाण्यामा ट्रॅक्टर चालाडतीन एक दिन." आबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुकानात एक बरोबर मापाची बॅटरीही पडून होती, पण ती कुणीतरी मेलेली म्हणून टाकून गेलेलं मढं होतं. वजनाला एकदम झकास, कामाला शून्य. आखाजी दुसऱ्या दिवसावर आली आणि आमच्या जहाजाला पोट होतं, पण पोटात घालायला काही नव्हतं.

आता माझा भाचा ड्रोन उडवतो. त्याची बॅटरी बिस्किटाच्या पुड्याएवढी, घरपोच येते. त्याला मी हे सांगते तेव्हा तो मोबाइलवरून मान वर न करता म्हणतो, मावशी, चुकीचं स्पेसिफिकेशन घेतलं तुम्ही. खरं आहे. पण त्याची बॅटरी घरातल्या घरात बसून निवडली जाते. आमच्या निवडीत म्हशीही मत देत.

आखाजीच्या सकाळी दारात जीप थांबली. दाजी उतरले. आईने लगबगीने डोक्यावर पदर घेतला, आबांनी "या जवाईबापू" केलं, आणि माझी नजर मात्र बॉनेटवर खिळली. पाणी पितापिता दाजींनी निरोप सांगितला. केळी कापणारी माणसं उद्या सकाळी येताहेत, स्वयंपाकाला हात कमी पडतोय, त्यांच्या आईने अक्काला आजच घेऊन यायला सांगितलंय. उद्या गौराईची बोळवण आहे, एवढं आमच्या आईने दाराआडून म्हणून पाहिलं. दाजी ओशाळून जमिनीकडे बघत राहिले. मी अक्काकडे बघितलं. आता ही काहीतरी म्हणेल, निदान भांडं तरी आपटेल. ती उठली आणि आत जाऊन साड्यांच्या घड्या करू लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण आखाजीच्या दिवशी जावयाला न जेवता कुणी सोडत नाही, आणि आमच्या घरचं जेवण म्हणजे जावयाला चीत करायचा डाव. खापरावरची पुरणपोळी, तिच्यावर तुपाची धार, रशी, भजी, कुरडया, आणि आमरस. मी वाढायला होते. दाजींनी वाटीवर हात आडवा धरला की मी बोटांच्या फटीतून ओतायची. "दाजी, अजून रस लेवा ना," असं मी इतक्या गोड आवाजात म्हणत होते की आबांनी दोनदा माझ्याकडे संशयाने बघितलं. हात धुऊन दाजी ओसरीवर टेकले ते तिथेच घोरायला लागले. बाहेर ऊन असं की गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

मी दुकानातून पाना घेतला आणि बॉनेट उघडलं. आबांची शिकवण, आधी जमिनीची तार सोडायची, मग दुसरी, म्हणजे ठिणगी उडत नाही. बॅटरी तीच, आम्हाला हव्या त्याच मापाची, शिरपूरहून येताना रस्ताभर चार्ज होऊन ताजीतवानी झालेली. दोन हंडे घेऊन विहिरीवरून येणाऱ्या मुलीला तिचं वजन ते काय! ती मी ओल्या पोत्यात गुंडाळून गोठ्यात नेली आणि तिच्या जागी दुकानातलं मढं आणून बसवलं. तारा जोडल्या, वरून मूठभर धूळही भुरभुरली. बॉनेट लावताना मला इतकं हसू येत होतं की ओढणीचा बोळा तोंडात कोंबावा लागला.

ऊन उतरल्यावर दाजी निघाले. अक्का पिशवी घेऊन मागे बसली. आईने तिची ओटी भरली, डोळे पुसले. दाजींनी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. मग तेही नाही. दाजी खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि आबांना हाक मारली. आबा आले, वाकले, आणि त्यांना आपल्याच दुकानातलं मढं दिसलं. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने पिवळ्या रंगाची फुली मारलेली होती, आणि मी गाढव, ती पुसायची विसरले होते. आबांनी फुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आबा सरळ झाले, खांद्यावरच्या टॉवेलने सावकाश हात पुसले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "जवाईबापू, बॅटरी बसनी. आते चार्जिंगले लावनी पडी."

"कितला टाइम लागी?" दाजींनी विचारलं.

"उद्या संध्याकाळ तं व्हईच."

गल्लीतून नाना ओरडले, "धक्का मारा ना भो! डिझेल गाडी शे, सुटी जाई!" त्यांचं बरोबर होतं. चार माणसांनी ढकलली असती तर जीप गावाबाहेर पडली असती. आबांनी नानांकडे असं काही बघितलं की ते घरात गेले. "भरी पोटे धक्का मारू नही, आखाजीना दिन शे," आबा म्हणाले. असा काही नियम आमच्याकडे नाही, तेव्हाही नव्हता. दाजींनी मान हलवली आणि एसटीडी बूथवर जाऊन आपल्या आईला फोन करून आले. काय बोलणं झालं कुणास ठाऊक, पण परतले तेव्हा कान लाल होते. त्यांना उगाच छळल्याचं मला जरा वाईट वाटलं, पण जराच.

मग गोठ्यात मी पोतं उघडलं आणि अक्काने ती बॅटरी पाहिली. तिने तिच्यावरून हात फिरवला. ही कोणाची, कुठून आली, असं काही तिने विचारलं नाही, फक्त म्हणाली, "पार तळाला बसव. वर राहिली तर कलंडेल." आम्ही ती मधोमध, अगदी पत्र्याला टेकवून बसवली आणि चारी बाजूंनी बाभळीच्या पाचरी ठोकल्या, म्हणजे लाटेत सरकायला नको. पुढचं टोक जरा वर राहत होतं म्हणून नाकाशी दोन विटा. रेडिओच्या डब्याला मात्र त्या बॅटरीवरून वीज द्यायची नव्हती, कारण मोटार झटका खाते तेव्हा रेडिओ बावचळतो. म्हणून त्याचे चार बारीक सेल वेगळ्या डबीत, तेही नाकाशी, विटांच्या वर ठेवले. हौदात सोडून पाहिलं. पाणी लाल पट्ट्याला काडीचाही फरक न करता लागलं. अक्काने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी कळवळले, आणि मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव तळ्यावर. आम्ही बैलगाडीतून जहाज आणलं. मागोमाग दाजीही आले होते, दुसरं करणार काय. गौराईला जहाजाच्या मध्यावर पाटावर बसवली आणि इथे आमचं चुकलं. आम्ही बॅटरीचं वजन केलं, विटांचं केलं, गौराईचंही केलं, पण खानदेशातली बाई लेकीला रिकाम्या हाताने सासरी धाडत नाही, हे आमच्या हिशोबात आलंच नव्हतं. आधी आईने सांजोऱ्यांचा डबा ठेवला. मग नानांच्या घरच्यांनी कुरडया. मग कुणी पापड, कुणी कैऱ्या, कुणी खण-नारळ, आणि एका म्हातारीने आमरसाची भरलेली गडवी, वर फडकं बांधून, झाकण सरकवून नेमकी नाकाशी आत. लाल पट्टा केव्हाच पाण्याखाली गेला. मी ओरडले, "बास! बुडी जाई!"

"मंग तुन्या त्या इटा काढ," आई फणकारली. "गौराईले रिकामी धाडतस का कोनी?"

अक्काने विटा काढल्या आणि सेलची डबी खाली पत्र्यावर टेकवली. गडवीच्या वजनाने नाक बरोबर बसलं. मी एरियल ओढली, कळ दाबली, आणि जहाज निघालं. सांगते, मी त्यानंतर पुष्कळ काही पाहिलं, मुलांची लग्नं पाहिली, पण ते निघालेलं जहाज मला आजही सगळ्यात वर आठवतं. पंख्याने पाणी कापत, गौराईला घेऊन, पापडाच्या चळतीसकट ते सरळ पलीकडे निघालं. वाडीच्या पोरी तोंडातली शिवी तोंडातच धरून उभ्या राहिल्या. आमच्या बाजूने जो आरडाओरडा झाला त्याने बगळे उडाले.

आणि तळ्याच्या मध्यावर जहाज गोल फिरू लागलं, मग थांबलं. मी कळ दाबते, डबा हलवते, एरियल वाकवते, काही नाही. मग पलीकडून एकीने सुरुवात केली, "देखा वं! तुम्हनी गौराई आडी बसनी! तिले सासर नको शे!" बाकीच्या खिदळल्या. "सासूले भ्याइ गयी!" "फिरव वं तिले, घर लई जा!"

माझ्या शेजारून असा आवाज फुटला की मी दचकले. अक्का कमरेवर हात ठेवून काठाच्या पार टोकाला उभी होती.

"हा, नको शे तिले! दोन दिन राही ती! तुम्हना बापनं काय जास? तिनं माहेर शे, तिन्या मायनं घर शे, तिले वाटी तवय जाई! आन तुम्ही तुम्हनी ती मातीनी बाहुली लई जा, तिले तं पोहता बी येत नही!"

आमच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. आई पदराआड हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. पण अक्का तिथे थांबली नाही. ती वळली, लोकांमधून सरळ दाजींसमोर गेली आणि सगळ्या गावादेखत, त्याच चढ्या आवाजात म्हणाली, "मी बी दोन दिन राहसू. आईस्ले तुम्ही सांगा, नही तं मी फोन करस."

गावादेखत नवऱ्याला असं बोलणं आजही सोपं नाही, तेव्हा तर विचारूच नका. दाजींचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी सदरा काढला, घडी करून आबांच्या हातात दिला, धोतर खोचलं आणि तळ्यात उतरले. पाणी छातीला लागलं तरी चालत राहिले. जहाजाला हात घातला आणि गौराईसकट, पापडांसकट, अलगद ढकलत काठाला आणलं. मग बिघाड काय झालाय ते बघायला त्यांनी गौराईचा पाट आणि डबे उतरवून वरचं झाकण उचललं. मी सटकायच्या तयारीत होते, पण आबांनी माझी वेणी धरून ठेवली होती.

नाकाशी आमरसाची गडवी उलटली होती आणि रेडिओच्या सेलची डबी पिवळ्याधमक रसात बुडाली होती. मधोमध, बाभळीच्या पाचरींत घट्ट बसलेली, दाजींच्या जीपची बॅटरी. दाजी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आबांकडे बघितलं. आबा आभाळाकडे बघत होते. मग माझ्याकडे. मग अक्काकडे, पुष्कळ वेळ. अक्काने नजर खाली घेतली नाही.

दाजींनी झाकण परत लावलं.

"मामा," ते आबांना म्हणाले, "बॅटरीमा पानी गये दिखस. वाळवानी पडी. दोन दिन तं जातीनच."

आत पाण्याचा टिपूसही नव्हता. बॅटरीभोवतीचा पत्रा कोरडा ठणठणीत होता आणि मी तो, दाजींच्या खांद्यावरून, त्यांच्याइतकाच नीट पाहिला होता.